जुन्या दूरदर्शन संचाची दुरुस्ती

ताप उतरविणें आणि रोग बरा करणें हीं दोन निराळीं कामें आहेत, हें वैद्य जाणतो. जुना दूरदर्शन संच दुरुस्त करणारासही हा भेद पदोपदीं ध्यानांत ठेवावा लागतो.

आपल्या कुंडल गांवास यंत्रविद्या परकी नाहीं. शेजारची किर्लोस्करवाडी १९१० सालीं कुंडल रोड स्टेशनालगतच्या ओसाड माळावर वसली, आणि तेथील लोखंडी नांगर दूरदूरच्या शेतांत पोहोंचला. परंतु नांगराचा मोडका फाळ डोळ्यांस दिसतो. दूरदर्शन संचांतील बिघाड दिसत नाहीं, दिसतो तो केवळ त्याचा परिणाम.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्या काळचे लांकडी शटरचे कृष्णधवल संच अद्याप कांहीं घरांत जपून ठेवलेले आढळतात. त्यांचें कार्य प्रथम समजून घेऊं. पिक्चर ट्यूबच्या मानेंतून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्याच्या आंतील लेपावर आदळला म्हणजे तेथें प्रकाश पडतो. मानेभोंवतालच्या तारेच्या वेटोळ्यांचें चुंबकत्व त्या झोतास आडवें व उभें फिरवितें. एका चित्रास ६२५ ओळी आणि सेकंदास २५ चित्रें, म्हणजे सेकंदास १५,६२५ ओळी! या गतीचा प्रक्षेपणाशीं मेळ बिघडला कीं चित्र तिरकस पट्ट्यांनीं फाटतें किंवा वरखालीं सरकूं लागतें. उभी गति अजिबात थांबली, तर मध्यभागीं एकच तेजस्वी आडवी रेघ उरते.

आतां समजा, चित्र चोहों बाजूंनीं आंखडलें. रुंदी-उंचीचे स्क्रू फिरवून तें पुन्हां पडदाभर करण्याचा मोह होतो. परंतु खरें कारण पुष्कळदां वीजपुरवठ्यांतील वाळून गेलेला कंडेन्सर हें असतें. स्क्रू फिरविल्यानें दोष तसाच राहतो आणि मूळची जुळणी मात्र बिघडते. म्हणून आधीं वीजदाब मोजावा, मग गळके कंडेन्सर व थकलेले व्हॉल्व्ह तपासावे, आणि जुळणी सर्वांत शेवटीं करावी. कॉइलमधील फेराइटचे गाभे ठिसूळ असतात. ते लोखंडी हत्यारानें न फिरवितां प्लास्टिकच्या हत्यारानें हळूच फिरवावे.

याहून गंभीर गोष्ट जीविताची आहे. पिक्चर ट्यूबला सुमारें १५ हजार व्होल्टांचा दाब लागतो, आणि प्लग काढल्यावरही ट्यूब तो भार बराच काळ सांठवून ठेवूं शकते. कित्येक संचांत आंतील धातूचा सांगाडाच घरच्या विजेच्या तारेस थेट जोडलेला असतो. शिवाय ट्यूब निर्वात असल्यानें ती फुटल्यास कांचा उडतात. यास्तव जाणत्या कारागिराच्या देखरेखीवांचून विद्यार्थ्यानें मागचें झांकण कदापि उघडूं नये.

सर्व दुरुस्ती नीट होऊनही पडद्यावर नुसती खरखर दिसली, तर निराश होऊं नये. दूरदर्शनचें जमिनीवरील जुनें प्रक्षेपण २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणीं बंद झालें. तेव्हां अँटेनानें घ्यावें असें आतां फारसें कांहीं उरलें नाहीं. अशा वेळीं मॉड्युलेटर नांवाची लहानशी पेटी जोडून चित्र पुरवावें लागतें. म्हणजे येथेंही दोष संचाचा नसतो!

विद्यार्थ्यांनो, या कामीं एक वही जवळ बाळगावी. प्रत्येक स्क्रूची मूळची जागा तींत टिपावी, एका वेळीं एकच बदल करावा, आणि त्याचा परिणाम लिहून मगच पुढें जावें. प्रयोगशाळेंत आपण हीच शिस्त शिकतों. तिचा उपयोग घरच्या जुन्या पेटीवरही होतो.