लिहिण्याआधी

मागे एका निबंधस्पर्धेत ‘महाराष्ट्रातील दुष्काळ’ हा विषय होता. वेळ एक तास. विषय कळताच मी पेन उचलले आणि थेट दुर्गादेवीच्या दुष्काळापासून सुरुवात केली. मग जंगलतोड, आटलेल्या विहिरी, उसाला लागणारे पाणी, 2016 साली मिरजेहून लातूरला आगगाडीने गेलेले पाणी, असे सुचेल ते लिहीत गेलो. वेळ संपत आली तेव्हा घाईने एक ओळ लिहिली : ‘1972 च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जात असे.’ निबंध परत मिळाला तेव्हा त्या ओळीखाली रेघ होती आणि समासात सरांचा प्रश्न : ‘हे आधी का नाही?’

त्या प्रश्नाने मला आराखड्याचे महत्त्व शिकवले. तोच निबंध मी पुन्हा लिहिला. तो कसा, हे विद्यार्थिमित्रांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

प्रथम कच्च्या कागदावर सुचतील ते मुद्दे एकेका शब्दात टिपले. येथे क्रम पाहायचा नाही. मग विषयाला प्रश्न विचारला. ‘दुष्काळ’ हा विषय झाला; पण ‘दुष्काळात माणसाला धान्य द्यावे की काम?’ हा प्रश्न झाला. प्रश्न सापडला की मुद्द्यांची निवड सोपी होते. उत्तराला मदत करील तो मुद्दा ठेवायचा, बाकीच्यांवर काट मारायची. दुर्गादेवी गेली, लातूरची गाडीही गेली. जीवावर आले, पण निबंध म्हणजे माहितीचे गाठोडे नव्हे.

उरलेल्या मुद्द्यांचे तीन गट पडले. आधी आजी आणि खडीचे काम. मग अशा कामांतून काय उभे राहिले आणि कोठे उणे पडले. शेवटी या अनुभवातून बळ मिळालेली रोजगार हमी योजना, तिचा राज्याने 1977 साली केलेला कायदा आणि 2005 साली झालेला देशाचा कायदा. प्रत्येक परिच्छेदात काय सांगायचे ते एकेका वाक्यात लिहिले. ही वाक्ये सलग वाचून पाहावीत. त्यांतून विचार पुढे सरकत असेल, तर आराखडा जमला.

आराखड्याचा आणखी एक लाभ असा, की आपले अज्ञान आधीच उघडे पडते. ‘आजी’ या शब्दापुढे माझ्याजवळ दुसरे काहीच नव्हते. म्हणून घरी जाऊन तिला विचारले. मजुरीचा आकडा तिला आठवेना. कामावर मिळणारी सुकडी मात्र आठवली, आणि ती न खाता पदरात बांधून मुलांसाठी घरी आणल्याचेही. धान्य की काम, या माझ्या प्रश्नाची धार तेथे एकदम वाढली.

आराखड्याने लेखनातील उत्स्फूर्तता जाते, असा आक्षेप काही मित्र घेतात. माझा अनुभव उलट आहे. उत्स्फूर्तपणे लिहिलेल्या निबंधात आजीला शेवटची एक ओळ मिळाली होती. आखून लिहिलेल्या निबंधात तिला पहिले पान मिळाले. परीक्षेतील एका तासातली दहा मिनिटे आराखड्याला दिली, तर ती वाया गेली असे समजू नये. आपल्याजवळचे सर्वांत मोलाचे काय, हे त्या दहा मिनिटांतच कळते.