जुनी चित्रपटगीते आणि नवी : तुलनेचे निकष

हिंदी चित्रपटगीतांविषयीच्या बहुतेक चर्चा एका ठरावीक निर्णयापाशी येऊन थांबतात. जुनी गीते मधुर, अर्थपूर्ण व चिरस्थायी होती. नवी गीते कर्कश, उथळ व अल्पजीवी आहेत, असा तो निर्णय होय. या निर्णयात तथ्याचा काही अंश निश्चितच आहे. परंतु तो ज्या रीतीने काढला जातो ती रीत मात्र सदोष आहे. कोणत्याही दोन काळांतील कलाकृतींची तुलना करावयाची, तर त्या कोणत्या साधनांनी, कोणासाठी आणि कोणत्या प्रयोजनाने निर्माण झाल्या हे आधी पाहिले पाहिजे. चित्रपटगीताच्या बाबतीत ही दक्षता विशेष आवश्यक आहे. कारण हे गीत एकाच वेळी काव्य, संगीत, नाट्य आणि यंत्रविद्या या चौघांचे अपत्य आहे.

पहिली गोष्ट ही, की अवनतीची तक्रार मुळीच नवी नाही. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटसंगीतामुळे जनतेची अभिरुची बिघडते, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी तेव्हा रेडिओ सिलोनचा आश्रय घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या केंद्रावर अमीन सायानी यांचा ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि पाहता पाहता लोकप्रिय झाला. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीला ‘विविध भारती’ ही मनोरंजनाची स्वतंत्र सेवा सुरू करावी लागली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ‘बैजू बावरा’ हा चित्रपट १९५२ मधलाच. त्यात अमीर खाँ आणि दत्तात्रेय विष्णू पलुसकर यांच्यासारखे थोर शास्त्रीय गायक गायिले आहेत. आज ज्या काळाला सुवर्णयुग म्हटले जाते, तो काळ तेव्हाच्या अनेक जाणत्यांना अवनतीचा वाटत होता.

निवडीचा दोष

जुन्या आणि नव्या गीतांची तुलना करताना होणारी सर्वात मोठी चूक निवडीची आहे. जुन्या काळातील जी गीते आज ऐकू येतात ती चाळणीतून उरलेली आहेत. श्रोत्यांच्या तीन-चार पिढ्यांनी, नभोवाणीने आणि ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांनी त्यांची निवड केली आहे. नव्या काळातील गीते मात्र न निवडता, सरसकट कानांवर पडतात. म्हणजे एका बाजूस निवडक शंभर गीते आणि दुसऱ्या बाजूस या वर्षाचे सगळे पीक, अशी ही विषम तुलना असते.

कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी संकलित केलेला ‘हिंदी फिल्म गीत कोश’ या दृष्टीने उद्बोधक आहे. १९३१ ते १९८० या कालखंडातील चित्रपटांच्या गीतांची दशकवार नोंद त्याच्या पाच खंडांत केलेली आहे. हे खंड चाळले, तर पानोपानी असे चित्रपट आणि अशी गीते भेटतात, की ज्यांची आठवण आज कोणालाही नाही. सामान्य, अनुकरणात्मक, घाईने उरकलेली गीते प्रत्येक दशकात विपुल होती. काळाने ती झाकून टाकली, एवढेच.

यंत्र आणि गीताची घडण

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. त्यात सात गीते होती. पुढील वर्षी आलेल्या मादन थिएटर्सच्या ‘इंद्रसभा’त तर सुमारे सत्तर होती. या काळात नटाला चित्रीकरणाच्या वेळीच गावे लागे. वादक झाडाच्या किंवा पडद्याच्या आड, कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसत. नटाची हालचाल बेताचीच असे आणि चालही त्याच्या गळ्याला पेलेल अशीच बांधावी लागे. या पद्धतीला मर्यादा होत्या, तसेच तिचे एक बळही होते. प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ या १९३६ च्या मराठी चित्रपटात विष्णुपंत पागनीस स्वतः गातात. तेथे अभिनय कोठे संपतो आणि भजन कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण जाते.

१९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने नितीन बोस यांच्या दिग्दर्शनाखाली ‘धूप छाँव’ या चित्रपटात पार्श्वगायनाचा अवलंब केला. संगीत रायचंद बोराल यांचे होते. या एका बदलाने गाणारा आणि दिसणारा यांची फारकत झाली. नटाला गळा असण्याची अट उरली नाही आणि गायकाला चेहऱ्याची. पुढे ज्या स्वरांना ‘जुने’ म्हणून गौरविण्यात आले, ते या यांत्रिक युक्तीचेच फळ होत. कुंदनलाल सैगल यांचे हळुवार, कानाशी बोलल्यासारखे गाणेदेखील मायक्रोफोनमुळेच शक्य झाले. रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविण्याची सवय असलेल्या जुन्या श्रोत्यांना आणि नटांना ही गायकी अपरिचित होती. थोडक्यात, आजचे जुने हे त्या काळचे अगदी नवे होते.

गीताची लांबीही यंत्रानेच ठरविली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच संगीत मावत असे. मुखडा, दोन किंवा तीन अंतरे आणि मधले वाद्यसंगीत हा साचा त्या मर्यादेत घट्ट बसला. पडद्यावर अधिक अंतरे असलेल्या कित्येक गीतांतील काही अंतरे तबकडीवर आलीच नाहीत. जुन्या गीतांत जो नेमकेपणा आणि आटोपशीरपणा जाणवतो, त्याचे श्रेय रचनाकारांइतकेच या सक्तीलाही द्यावे लागेल.

ध्वनिमुद्रणाची रीतही अशीच निर्णायक ठरली. १९५० व १९६० च्या दशकांत गायक आणि संपूर्ण वाद्यवृंद एकत्र बसून एका दमात गीत मुद्रित करीत. एकाचीही चूक झाली, तर सर्वांना पुन्हा आरंभापासून वाजवावे लागे. त्यासाठी मोठी तालीम होई. या वाद्यवृंदांच्या उभारणीत गोव्यातील वादकांचा वाटा फार मोठा होता. चर्चशी संलग्न शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले हे वादक चाल कागदावर उतरवून वाद्यांची वाटणी करीत. सेबॅस्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्व्हिस ही त्यांतील दोन ठळक नावे. बहुपदरी ध्वनिमुद्रण आणि त्यानंतर संगणक आल्यावर ही सहवादनाची गरज संपली. १९९२ च्या मूळ तमिळ ‘रोजा’ या चित्रपटापासून ए. आर. रहमान यांनी जी पद्धती रूढ केली, तीत प्रत्येक वाद्य, प्रत्येक आवाज वेगवेगळ्या वेळी मुद्रित होऊन थरावर थर रचला जातो. बेसूर स्वर यंत्राने सरळ करता येतो. परिणामी ध्वनीची स्वच्छता आणि विविधता वाढली. अनेक माणसांनी एकाच क्षणी एकत्र श्वास घेतल्याची जाणीव मात्र कमी झाली. येथे लाभ आणि हानी दोन्ही खऱ्या आहेत.

शब्द आणि चाल

जुन्या गीतांची खरी श्रेष्ठता शब्दांत होती, या मताला बराच आधार आहे. साहिर लुधियानवी, मजरूह सुलतानपुरी, कैफी आझमी, शैलेंद्र हे कवी साहित्याच्या चळवळींतून चित्रपटात आले. उर्दू काव्याची परंपरा, लोकगीते आणि स्वातंत्र्योत्तर काळातील सामाजिक आकांक्षा यांचे भांडवल त्यांच्यापाशी होते. श्रोत्यांनाही ती हिंदुस्थानी भाषा परिचयाची होती. पुढे उर्दूचे वाचन कमी झाले, नव्या गीतांत पंजाबी आणि इंग्रजी शब्दांची भर पडली, आणि शब्दसंपत्तीचे स्वरूप पालटले.

तथापि दोन समज दूर केले पाहिजेत. आधी काव्य आणि मग चाल अशी जुनी प्रथा होती, हा पहिला समज. प्रत्यक्षात त्या काळीही अनेक गीते तयार चालीवर शब्द बसवूनच लिहिली जात. परक्या संगीताचे अनुकरण हा नव्यांचाच दोष होय, हा दुसरा समज. सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’त पाश्चात्त्य नृत्यतालांचा मुक्त उपयोग केला. सलील चौधरी यांनी १९६१ च्या ‘छाया’तील एका गीतासाठी मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीचा आधार घेतला. उसने कोठून घेतले यापेक्षा उसने घेऊन त्याचे काय केले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे; आणि तो दोन्ही काळांना सारखाच विचारला पाहिजे.

दोन काळांमध्ये अभेद्य भिंत नाही, याचे उत्तम उदाहरण गुलज़ार यांचे आहे. त्यांचे पहिले गाजलेले गीत सचिनदेव बर्मन यांच्या संगीतातील, १९६३ च्या ‘बंदिनी’साठी लिहिलेले. २००९ मध्ये ज्या गीताला ऑस्कर पारितोषिक मिळाले, त्याचेही शब्द त्यांचेच आणि संगीत रहमान यांचे. एकाच कवीला दोन्ही युगांनी सामावून घेतले.

चित्रपटातील स्थान

जुन्या चित्रपटात गीत हे पात्राच्या मुखातून येई. कथा जेथे गद्यातून पुढे जाऊ शकत नसे, तेथे गीत तिचा हात धरी. अर्थात हे तत्त्व सर्वत्र पाळले जात होते असे नाही. गल्ल्यासाठी घुसडलेली गीते तेव्हाही होती. उलट ‘कानून’ (१९६०) आणि ‘इत्तेफाक’ (१९६९) हे गीतविरहित हिंदी चित्रपटही त्याच युगातले. अलीकडील अनेक चित्रपटांत पात्रे गात नाहीत. गीत पार्श्वभूमीला वाजत राहते आणि प्रसंग पुढे सरकतो. चित्रपट त्यामुळे अधिक वास्तव वाटतो, परंतु गीताला पात्राचा चेहरा मिळत नाही. स्मरणात राहण्यासाठी गीताला सुरांइतकाच प्रसंगाचाही आधार लागतो. नवी गीते लवकर विसरली जातात, याचे एक कारण येथे सापडते.

गायक, वादक आणि हक्क

जुन्या काळाचा गौरव करताना त्या काळातील अन्यायही नजरेआड करता येत नाहीत. १९४९ च्या ‘महल’मधील सुप्रसिद्ध गीताच्या तबकडीवर प्रथम गायिकेचे, म्हणजे लता मंगेशकर यांचे नाव नव्हते, ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले होते. फिल्मफेअर पारितोषिके १९५४ मध्ये सुरू झाली. पार्श्वगायनाला त्यांत स्थान मिळण्यास १९५९ साल उजाडावे लागले. वाद्यवृंदातील शेकडो वादक तर अनामिकच राहिले. शिवाय मोजक्याच कंठांचे राज्य दीर्घकाळ टिकले आणि इतरांना वाव कमी मिळाला. १९८० च्या दशकात स्वस्त ध्वनिफिती आल्या आणि तबकड्यांच्या व्यापारावरील जुनी मक्तेदारी मोडली. पुढे निरनिराळ्या प्रांतांतील, निरनिराळ्या धाटणीचे आवाज चित्रपटात येऊ लागले. २०१२ च्या प्रताधिकार (सुधारणा) अधिनियमाने गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनाच्या वाट्यावरील हक्क कायद्याने सुरक्षित केला. या बाबतीत नवा काळ जुन्यापेक्षा निःसंशय अधिक न्यायी आहे.

जे उरले तेच जुने

या तुलनेचा शेवट रसिकांच्या आवडीनिवडीपाशी होत नाही. तिच्यामागे एक गंभीर प्रश्न उभा आहे. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज अस्तित्वात असल्याचे ज्ञात नाही. नायट्रेटच्या पट्टीवर मुद्रित झालेले असंख्य चित्रपट उष्णतेने, दमटपणाने आणि दुर्लक्षाने नष्ट झाले. काहींच्या पट्ट्या तीतील चांदी काढण्यासाठी विकल्या गेल्या. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर बोलपटाला तेहेतीस वर्षे होऊन गेली होती. २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट पट्ट्यांच्या कोठाराला आग लागून आणखी हानी झाली. अशा स्थितीत ‘जुने ते सोने’ असे म्हणणारा समाज आपले सोने कोठे ठेवतो, असे विचारणे प्राप्त आहे. लोकप्रिय गीते पुनःपुन्हा नव्या साधनांवर उतरविली जातात. कमी लोकप्रिय गीतांची एखादी तबकडी एखाद्या संग्राहकाच्या कपाटात उरते, किंवा तीही उरत नाही. जे नष्ट झाले त्याच्याशी कोणत्याही नव्या गीताची तुलना होऊ शकत नाही.

म्हणून तुलना करणाऱ्याने तीन पथ्ये पाळावीत. निवडक गीतांची तुलना निवडक गीतांशीच करावी. गीत ज्या यंत्राच्या मर्यादेत घडले, ती मर्यादा जाणून मग त्याचे मूल्य ठरवावे. आणि गीत एकटे न ऐकता, शक्य असेल तेव्हा ते त्याच्या चित्रपटात, त्याच्या प्रसंगात पाहावे. असे केल्यास जुन्या काळाविषयीचा आदर कमी होणार नाही. उलट तो अधिक डोळस होईल. आजच्या गीतांपैकी काही थोडीशी पन्नास वर्षांनंतरही गायिली जातील. ती कोणती, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. मात्र ती निवडण्याची संधी पुढील पिढ्यांना मिळावी, यासाठी चांगल्या-वाइटाचा निवाडा न करता सर्वच गीते जतन करणे हे वर्तमानाचे कर्तव्य आहे. जुन्या गीतांच्या बाबतीत ते वेळेवर पार पडले नाही.