समर्पणाविषयी भाचीस पत्र



बाप्तिस्मा आणि समर्पण या दोन गोष्टी एकाच दिवशी पुऱ्या होतात असे नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. पुढे 1907 साली लिहिलेल्या साक्षीत त्यांनी कबूल केले आहे की त्या दिवशी धर्म मिळाला होता, ख्रिस्त अजून भेटायचा होता. आणि हे ध्यानात यायला आठ वर्षे गेली. त्या आठ वर्षांत बाई स्वस्थ बसल्या नव्हत्या. अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी पैसा उभा केला, 1887 मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, मार्च 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. त्याग होता, कष्ट होते, लोकनिंदा तर पदोपदी होती. तरीही काहीतरी राहून गेले होते. बाप्तिस्मा घेतला, सदाचरणाने वागले, विधी पाळले की तारण होते, असा त्यांचा तोवरचा समज होता. म्हणजे सारा भार स्वतःच्याच खांद्यावर होता. हॅस्लम नावाच्या एका पाळकाचे आत्मकथन वाचताना तो समज ढळला. हे गृहस्थही कित्येक वर्षे इतरांना उपदेश करीत होते आणि स्वतः मात्र कोरडे होते. विदुषी म्हणून गाजलेल्या स्त्रीला वळण लागले ते अशा साध्या पुस्तकाने, हे विद्वत्तेचा धाक वाटणाऱ्या तरुणांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

समर्पणाचा पहिला मुद्दा यातून निघतो. कृपा आधी, अर्पण नंतर. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल अकरा अध्याय देवाने काय केले ते सांगतो, आणि शरीर जिवंत यज्ञ म्हणून वाहण्याची विनंती बाराव्या अध्यायात करतो. इग्नाती लोयोला यांच्या अध्यात्मसाधनेचा क्रमही असाच आहे. 1548 मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या या पुस्तकात चार आठवड्यांची साधना आहे: पहिला आठवडा स्वतःचे पाप आणि देवाची दया यांच्या चिंतनाचा, मग ख्रिस्ताचे जीवन, त्याचे दुःखसहन आणि पुनरुत्थान. स्मृती, बुद्धी, इच्छा, स्वातंत्र्य सारे देवाच्या हवाली करण्याची प्रसिद्ध प्रार्थना येते ती चौथ्या आठवड्याच्या अखेरीस. एक पहिल्या शतकातला प्रेषित, दुसरा सोळाव्या शतकातला जखमी सैनिक. दोघांनीही शेवटची गोष्ट आधी मागितली नाही. आजच्या युवक शिबिरांत मात्र पहिल्याच रात्री तिची मागणी होते. गीताची लय चढलेली असते, शेजारच्या मैत्रिणीने हात वर केलेला असतो, आणि सोळा-सतरा वर्षांची मुलगी आयुष्यभराचे वचन देऊन बसते. तिची भावना खोटी नसते. तिला आपण काय देत आहोत हे अजून कळलेले नसते, एवढेच.

लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू बुरूज बांधणाऱ्याला आधी बसून खर्चाचा हिशेब करायला सांगतो. शिष्य जमवू पाहणारा गुरू इच्छुकांना थोपवून धरतो, हे उपदेशकांच्या सोयीचे नसल्यामुळे त्यावर प्रवचने कमी होतात. प्रेषितांच्या कृत्यांतली हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट याच दृष्टीने वाचावी. त्यांनी जमीन विकली, थोडे पैसे मागे ठेवले आणि सगळे आणले असे भासवले. पेत्राचे म्हणणे स्पष्ट आहे: जमीन त्यांची होती, विकल्यावर आलेले पैसेही त्यांच्याच अधिकारात होते. थोडे देणे हा अपराध नव्हता. थोडे देऊन सगळे दिल्याचे सोंग हा होता. नवख्या विश्वासीयाने म्हणूनच प्रार्थनेत खरे तेवढेच बोलावे. एखादी गोष्ट सोडवत नसेल तर ती सोडवत नाही असे देवाला सांगणे, हेही अर्पणच आहे, आणि पोकळ वचनापेक्षा ते जास्त टिकते.

इच्छा मारून टाकणे म्हणजे समर्पण, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. गेथशेमाने बागेतील प्रसंग तिला आधार देत नाही. येशूने प्याला टळावा अशी विनंती केली, तीही एकदा नव्हे. मत्तयाच्या वृत्तान्तात तो पुन्हा पुन्हा जाऊन तेच मागतो. पौलानेही शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. दोघांनाही हवे ते मिळाले नाही, पण मागितल्याबद्दल दोघांनाही बोल लागला नाही. परीक्षेत यश, आईचा आजार बरा होणे, मनाजोगा जोडीदार, यांसाठी रडून मागणारी मुलगी समर्पणात कमी पडते असे मानायचे कारण नाही. मागणे संपल्यावर निर्णय कोणाच्या हाती ठेवला, एवढाच प्रश्न उरतो.

पुढचा मुद्दा अधिक नाजूक आहे आणि त्यावर जास्त बोलले पाहिजे. समर्पण देवाला असते. देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसाला नसते. वाँटेजच्या मठात रमाबाईंचे धर्मशिक्षण पाहणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला, आणि तो पुढे छापला गेला आहे. त्रैक्याच्या सिद्धान्तावर रमाबाईंनी शंका काढल्या, चर्चचा शब्द निमूट मानावा हा आग्रह त्यांनी नाकारला. पुरोहितांच्या एका जोखडातून मान सोडवून दुसरे जोखड घेण्याची त्यांची तयारी नव्हती. मठातल्या हितचिंतकांना हा गर्व वाटला, आणि त्यांनी तसे सुनावलेही. आज ती पत्रे वाचताना वेगळेच दिसते: जिने देवाला सगळे द्यायचे ठरवले होते तिला माणसांना काय द्यायचे नाही हे नेमके माहीत होते. नारायण वामन टिळकांचेही तसेच. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अनेक वर्षे सेवा केली, आणि 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना, दोघांनाही जागा होती. मिशनवर राग धरून त्यांनी हे केले नाही. ख्रिस्ताला आपल्या देशात भारतीय रूपात नांदू द्यायचे, ही त्यांची ओढ होती.

या भेदाला व्यवहारात फार किंमत आहे. मारहाण करणाऱ्या नवऱ्याजवळ मुकाट राहा, तोच तुझा क्रूस, असे सांगणारे लोक मंडळीत भेटतात. अर्पणाच्या नावाखाली पगार मागणारे, ईश्वरी आज्ञा म्हणून लग्न ठरवणारे, प्रश्न विचारणाऱ्याला बंडखोर ठरवणारेही भेटतात. अशा वेळी एक कसोटी लावावी: या समर्पणाचा लाभ कोणाला होतो? मागणाऱ्यालाच होत असेल तर ते ख्रिस्ताच्या नावे आलेले असले तरी त्याचे नव्हे. येशूने शिष्यांचे पाय धुतले. आपले पाय धुवा म्हणून तो पुढे बसला नाही.

मग द्यायचे ते नेमके काय? पैसा, वेळ, शरीर, लौकिक ही यादी सर्वांनाच ठाऊक असते. प्रत्येकाची अडचण मात्र एखाद्या अगदी बारीक जागी असते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये ती जागा स्पष्ट दिसते. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या दूर राहिल्या. परत आल्यावरही सोवळे-ओवळे सुटेना. कोणाच्या हातचे पाणी प्यायचे आणि कोणाच्या हातचे नाही, या एका गोष्टीत त्यांचा सारा जुना जीव गुंतला होता. जाती देवाने केल्या की माणसाने, याचा त्यांनी स्वतःशीच उलगडा केला, आणि मग कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याची त्यांना अडचण उरली नाही. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पतीचे समर्पण लक्ष्मीबाईंच्या उपयोगी पडले नाही. त्यांना आपला पल्ला स्वतःच चालावा लागला. भाविक घरात जन्मलेल्या मुलीचेही असेच असते. आजीची प्रार्थना तिला वारशाने मिळते, आजीचा निर्णय मिळत नाही.

सर्वांत अवघड म्हणजे परिणामावरचा हक्क सोडणे. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या शेतावर सोय केली, आणि त्यातून मुक्ती मिशन उभे राहिले. किशोरवयात त्यांनी स्वतःचे आईवडील दुष्काळात गमावले होते, तेव्हा त्या मुलींची भूक त्यांना कोणी समजावून सांगायला नको होती. हे काम पुढे मुलगी मनोरमा चालवील असे त्यांनी धरले होते. 1921 च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम थांबवले नाही. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. मनोरमाबाईंच्या मृत्यूला वर्षही उलटले नव्हते तोच, 5 एप्रिल 1922 रोजी, त्यांनीही देह ठेवला. या दुःखाला कोणताही गोड अर्थ लावण्याची घाई करू नये. ज्यांनी ती केली त्यांनी लिहिलेली चरित्रे वाचवत नाहीत.

रोजच्या आचरणासाठी फार साधने लागत नाहीत. इग्नाती यांनी दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण सुचवले आहे. सुरुवातीला रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे पुरतात. आभार आधी मानावेत, चुका नंतर आठवाव्यात. उलट क्रमाने बसले की मन स्वतःभोवतीच फिरते. पवित्र शास्त्रातला एखादा उतारा महिनाभर तोच ठेवला तरी चालतो. दान गुप्त असावे आणि खिशाला जाणवेल इतके असावे. जॉन वेस्ली यांनी 1755 मध्ये लंडनला कराराच्या नूतनीकरणाची उपासना सुरू केली, आणि मेथडिस्ट मंडळ्यांत ती बहुधा नव्या वर्षाच्या आरंभी होते. समर्पण एकदा करून संपत नाही हे त्यांनी ओळखले होते. तसे वर्षातून एकदा, गर्दीपासून दूर, आपण काय सोडले आणि काय धरून ठेवले आहे ते कागदावर लिहून काढावे, आणि विश्वासातल्या एका वडीलधाऱ्या बाईला दाखवावे. एकटीने केलेल्या हिशेबात स्वतःला झुकते माप मिळते, किंवा मग अतोनात कठोर माप.

कोरडे दिवस येतात. प्रार्थनेत शब्द फुटत नाहीत, प्रभुभोजन नुसती सवय वाटते, शिबिरातली ती रात्र दुसऱ्याच कोणाची तरी वाटू लागते. अशा काळासाठी इग्नाती यांचा नियम सरळ आहे: उजेडात असताना घेतलेला निर्णय अंधारात असताना बदलू नये. प्रार्थनेची वेळ कमी करण्याऐवजी उलट थोडी वाढवावी, असेही ते सांगतात. मात्र खिन्नता आठवडेच्या आठवडे टिकली, झोप आणि भूक उडाली, तर ती केवळ आत्मिक मानून बसू नये. डॉक्टरांकडे जावे आणि घरच्यांना सांगावे. दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीचा, वर्ग घेणाऱ्या पाळकांनाही हे कळवायला संकोच नको, आणि तयारी झाली नाही असे वाटले तर दृढीकरण एक वर्ष पुढे ढकलण्यातही काही कमीपणा नाही.

आईस सप्रेम नमस्कार.

मामा