व्हाइट नॉइज मशीन: कुठे ठेवावं, किती वाजवावं

मे महिन्यात पंखा पाचवर फिरत असतो तेव्हा रस्त्यावरून गेलेली बुलेट कोणाचीच झोप मोडत नाही. डिसेंबरात पंखा बंद झाला की तीच बुलेट थेट उशाशी येते. रस्ता तोच, खिडकीही तीच. उन्हाळ्यात पंख्याची घरघर खोलीत रात्रभर भरून असते, एवढाच काय तो फरक. व्हाइट नॉइज मशीन म्हणजे वारा न देणारा पंखा. 1962 साली अमेरिकेत जिम बकवॉल्टर यांनी जे ‘स्लीप-मेट’ बनवलं त्याच्या डब्यात खरोखरच एक छोटा पंखा होता.

हे मशीन बाहेरचा आवाज घालवत नाही. झोप मोडते ती शांततेतून अचानक उसळलेल्या आवाजाने. मशीन खालची शांतता थोडी वर उचलतं, म्हणजे ती उसळी लहान होते. म्हणून ते जितकं हळू ठेवून भागेल तितकं हळू ठेवायचं. पुढची सगळी कृती या एका गोष्टीसाठी आहे.

सुरुवातीच्या तीन रात्री मशीन लावूच नका. उशाशी कागद ठेवा आणि जाग आली की कशाने आली ते लिहा. आमच्या यादीत लिफ्टचं ‘दरवाजा बंद करा’, जिन्यातली बोलणी, कुत्र्यांची भांडणं आणि पहाटे पाचला सुरू होणारा सोसायटीचा पाण्याचा पंप निघाला. बोलणी आणि लिफ्ट चांगली झाकली जातात, भुंकणं बऱ्यापैकी. मिरवणुकीतल्या डीजेचा ठोका मात्र झाकला जात नाही. तो भिंतीतून येतो आणि त्याच्यावर मात करायला मशीन वाढवलं तर कानांचंच नुकसान होतं. तिथे पोलिसांकडे तक्रार हाच उपाय. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत निवासी भागाची मर्यादा 45 डेसिबल आहे. आणि यादीत शेजारच्या अंथरुणातलं घोरणं असेल, त्यातही श्वास अडकून मग हिसका बसत असेल, तर ते झाकू नका, डॉक्टरांना दाखवा.

मग फटी बुजवा. सरकत्या खिडकीच्या कडेची ब्रशपट्टी झिजलेली असते, ती बदला. दाराखालच्या फटीत जुनी चादर गुंडाळून लावा. दोन-तीनशे रुपयांच्या या कामानंतर मशीन निम्म्या आवाजावर पुरतं, असा माझा अनुभव आहे. काहींना मशीन लागतही नाही.

आवाज निवडताना नावांना भुलू नका. ‘व्हाइट’ म्हणजे जुन्या टीव्हीवर चॅनल नसताना यायची ती खरखर. बऱ्याच जणांना ती टोचते. ‘पिंक’ संततधार पावसासारखा, ‘ब्राउन’ दूरच्या धबधब्यासारखा, जाडसर. मी पिंक सुचवेन. पक्षी, लाटा, मेघगर्जना असलेले आवाज टाळा, कारण त्यांत चढउतार असतात आणि आपल्याला नेमके तेच नको असतात. छोटं ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा वाजत असेल तर त्याचा जोड कानाला कळतो आणि मन त्याची वाट पाहू लागतं. दहा मिनिटं डोळे मिटून ऐका. जोड सापडला तर तो आवाज बाद. फोनवरचं ॲप वापरणार असाल तर जाहिराती नसलेलं, इंटरनेटशिवाय चालणारं घ्या आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका.

जागा: मशीन डोक्याशी ठेवायचं नाही. ज्या खिडकीतून किंवा दारातून आवाज येतो तिच्या आणि तुमच्या मधे, खिडकीच्या बाजूला सरकवून, उशीपासून किमान पाच-सहा फुटांवर ठेवा. खाली घडी केलेला नॅपकिन घाला, नाहीतर लाकडी कपाट स्वतःच गुणगुणू लागतं.

आता आवाजाची पातळी, आणि इथे घाई नको. एकाने खिडकीपाशी उभं राहून नेहमीच्या आवाजात काहीतरी वाचावं, दुसऱ्याने उशीवर डोकं टेकून ऐकावं. मशीन शून्यापासून सावकाश वाढवा. कोणीतरी बोलतंय हे कळतं पण शब्द लागत नाहीत, तिथे थांबा. मग एक खूण पाडा. फोनवरच्या डेसिबल मीटरने उशीपाशी मोजलं तर साधारण 45 दिसावं. तो आकडा ढोबळच असतो, पण 50च्या पुढे जाऊ नका. शेजारच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल तर मशीन नक्कीच जास्त झालंय.

तान्ह्या बाळाच्या खोलीत जास्त कडक राहा. 2014 साली ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात बाळांसाठीच्या 14 मशिनांची तपासणी प्रसिद्ध झाली. पूर्ण आवाजावर, 30 सेंटिमीटर अंतरावरून, त्यातल्या तीन मशिनांनी 85 डेसिबल ओलांडले होते. पाळण्याला मशीन टांगू नका. दोन मीटर दूर, सर्वांत हळू, आणि बाळ झोपलं की बंद.

मोठ्यांनी टायमर लावावा का, हे यादीवरून ठरवा. झोप लागायलाच त्रास होत असेल तर 45 मिनिटं पुरे, पण आवाज हळूहळू विरत जाणारा टायमर हवा. पहाटेचा पंप, दूधवाल्याची मोटरसायकल, शेजारचा कुकर असं काही असेल तर मशीन रात्रभर चालू ठेवावं लागेल. मग ते इन्व्हर्टरच्या सॉकेटवर लावा. लाइट गेली की एकदम पडणारी शांतताही जागं करते.

एक आठवडा रोज तेवढ्याच आवाजावर चालवा. दुसऱ्या आठवड्यात रोज जरासा कमी करत जा. जिथे पुन्हा जाग येऊ लागेल त्याच्या एक टप्पा वर तुमची खरी पातळी. संशोधनातून या मशिनांबद्दल अजून ठाम निष्कर्ष निघालेला नाही, म्हणून तुमच्या उशाशी असलेला कागदच प्रमाण माना. दोन आठवड्यांत जाग येणं कमी झालं नसेल तर मशीन उचलून ठेवा.

शेवटची चाचणी मी सुरुवातीला केली नव्हती. तिसऱ्याच रात्री सासूबाईंना पायात गोळा आला. त्या पलीकडच्या खोलीतून हाका मारत राहिल्या आणि आम्हाला दोघांनाही ऐकू आल्या नाहीत. सकाळी त्यांनी ते सहज सांगितलं, आणि मला दिवसभर काही सुचलं नाही. त्यांच्या उशाशी आता बिनतारी बेल आहे आणि तिचा डबा आमच्या पलंगाशी. तुमच्या घरात म्हातारं माणूस, लहान मूल किंवा आजारी कोणी असेल, तर आज रात्री मशीन लावून, दार लोटून, त्यांना त्यांच्या खोलीतून एकदा हाक मारायला सांगा. ती ऐकू आली नाही तर आवाज कमी करा.