इंग्रजी शब्दसंग्रह : एका मराठी शब्दाच्या दोन वाटा

समजा, गावातील रस्त्याच्या रुंदीकरणाबाबत ग्रामस्थांकडून हरकती मागविण्यात आल्या व मुदतीत बारा हरकती आल्या. लिपिकाने टिपणीत लिहिले, 'फ्यू ऑब्जेक्शन्स हॅव बीन रिसीव्हड.' त्याला म्हणावयाचे होते, 'काही हरकती आल्या आहेत.' वरिष्ठांनी अर्थ घेतला, 'हरकती जवळजवळ आल्याच नाहीत.' इंग्रजी भाषेच्या दृष्टीने वरिष्ठांचेच बरोबर होते. 'फ्यू'च्या आधीचा 'अ' तेवढा राहून गेला होता. परंतु त्यापायी बारा घरांचे गाऱ्हाणे टिपणीतच विरून गेले.

गोव्यात 1961 साली मुक्तीनंतर कार्यालयांतून पोर्तुगीजची जागा प्रामुख्याने इंग्रजीने घेतली. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही राजभाषा झाली व शासकीय कामकाजात मराठीच्या वापरासही स्थान मिळाले. तरीही पत्रव्यवहाराचा मोठा भाग आजही इंग्रजीतूनच चालतो. त्यामुळे इंग्रजी शब्दसंग्रह हा केवळ परीक्षार्थींचा विषय नव्हे. अर्ज करणारा नागरिक आणि त्यास उत्तर देणारा कर्मचारी या दोघांनाही त्याची रोजची गरज आहे.

शब्दसंग्रह वाढविणे म्हणजे अवघड शब्दांच्या याद्या पाठ करणे, अशी अनेकांची समजूत असते. वास्तविक आपल्या हातून चुका होतात त्या अवघड शब्दांच्या नव्हेत, तर सोप्या शब्दांच्या. जेथे मराठीत एक शब्द पुरतो आणि इंग्रजीत दोन लागतात, तेथेच पाऊल घसरते. म्हणून अभ्यासास आरंभ तेथूनच करावा.

1. 'पर्यंत' : 'अर्ज 15 तारखेपर्यंत द्यावा' आणि 'मी 15 तारखेपर्यंत रजेवर आहे' या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच 'पर्यंत' चालतो. इंग्रजीत मात्र पहिल्या वाक्यात 'बाय' व दुसऱ्यात 'टिल' किंवा 'अन्टिल' हवे. एखादी गोष्ट त्या दिवशी वा त्यापूर्वी एकदा पुरी व्हावयाची असेल तर 'बाय'. एखादी स्थिती त्या दिवसापावेतो चालू राहावयाची असेल तर 'टिल'.

2. 'पासून' : '2015 पासून' आणि 'दहा वर्षांपासून' यांतही असाच भेद आहे. आरंभाचा क्षण सांगावयाचा तेव्हा 'सिन्स', आणि मधला काळ मोजून सांगावयाचा तेव्हा 'फॉर'. 'सिन्स टेन इयर्स' हा प्रयोग आपल्याकडे सर्रास आढळतो, तो टाळावा.

3. 'थोडे' : 'फ्यू' म्हणजे नसल्यासारखेच, 'अ फ्यू' म्हणजे काही, आणि 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे चक्क बरेच. मोजता न येणाऱ्या वस्तूंसाठी 'लिटल' व 'अ लिटल' यांत हाच भेद जाणावा. 'लिटल होप' म्हणजे आशा जवळपास संपली. 'अ लिटल होप' म्हणजे ती थोडीशी शिल्लक आहे.

काही शब्द एकटे असता फसवे असतात. त्यांचा अर्थ सोबतच्या शब्दांवरून ठरतो. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी. परंतु एखाद्या राष्ट्रावर 'सँक्शन्स' लादली जातात तेव्हा ते निर्बंध असतात. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख आणि नजरचूकही! 'ड्यू टू अॅन ओव्हरसाइट' असे असेल तर चूक झाली आहे. 'अंडर द ओव्हरसाइट ऑफ' असे असेल तर कोणीतरी लक्ष ठेवून आहे. 'टू टेबल' याचा अर्थ आपल्याकडे व ब्रिटनमध्ये 'विचारार्थ मांडणे' असा होतो, तर अमेरिकेत 'विचार लांबणीवर टाकणे' असा. या एका शब्दावरून दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व अमेरिकन अधिकाऱ्यांत बराच वेळ वाद चालला आणि अखेरीस दोन्ही पक्षांना एकच गोष्ट हवी असल्याचे उमगले, असे चर्चिल यांनी त्या युद्धावरील आपल्या ग्रंथात नमूद केले आहे.

आता वाक्प्रचारांकडे वळू. 'इन व्ह्यू ऑफ' म्हणजे 'लक्षात घेता' आणि 'इन ल्यू ऑफ' म्हणजे 'ऐवजी'. आजारपण लक्षात घेता रजा मागणाऱ्याने दुसरा वाक्प्रचार योजला, तर त्याला आजाराच्या बदल्यात रजा हवी आहे असे होईल! 'आउट ऑफ द क्वेश्चन' म्हणजे अशक्य. 'बियॉण्ड क्वेश्चन' म्हणजे निःसंशय. 'कॉल फॉर' म्हणजे मागविणे, 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणे, 'कॉल ऑन' म्हणजे भेटीस जाणे. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, तर 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे. 'रेड टेप' हा वाक्प्रचार इंग्लंडमध्ये सरकारी व न्यायालयीन कागद लाल फितीने बांधीत त्यावरून आला. आपली 'लालफीत' त्याचेच भाषांतर होय.

काही प्रयोग आपल्याच देशात रुळले आहेत. नस्ती सादर करण्यास आपण 'पुट अप' म्हणतो, पदवीधर होण्यास 'पास आउट' म्हणतो. आपसांत यात अडचण नाही. परंतु परदेशी विद्यापीठास अर्ज करणाऱ्याने 'ग्रॅज्युएट' हे क्रियापद वापरावे, कारण तेथे 'पास आउट' म्हणजे सामान्यतः बेशुद्ध पडणे.

अभ्यासाची रीत सोपी आहे. एक वही करावी. दररोज वाचनात आलेल्या पत्रातून वा वृत्तपत्रातून तीनच शब्द निवडावेत. शब्द एकटा न लिहिता तो ज्या वाक्यात आला ते संपूर्ण वाक्य उतरून घ्यावे. शेजारी त्याच्याशी गल्लत होऊ शकेल असा दुसरा शब्द लिहावा. आणि आपल्या नित्याच्या कामातील एक नवे वाक्य स्वतः रचावे. आज मोबाइलवर शब्दकोश सहज उपलब्ध आहे. मात्र त्यातील पहिला अर्थ पाहून थांबू नये, उदाहरणेही वाचावीत. आठवड्याअखेरीस अर्थ झाकून उजळणी करावी. वर्षाकाठी हजारभर शब्द अशा रीतीने आपलेसे होतात.

स्वाध्याय

पुढील वाक्यांत कोणता इंग्रजी शब्द योजाल?

1. दाखला सोमवारपर्यंत तयार होईल. ('बाय' की 'टिल'?)
2. सोमवारपर्यंत वाट पाहावी. ('बाय' की 'टिल'?)
3. पाच महिन्यांपासून निवृत्तिवेतन मिळालेले नाही. ('सिन्स' की 'फॉर'?)
4. बऱ्याच जणांनी अर्ज केले आहेत. ('अ फ्यू' की 'क्वाइट अ फ्यू'?)
5. रविवारच्या सुटीऐवजी मंगळवारी सुटी मिळावी. ('इन व्ह्यू ऑफ' की 'इन ल्यू ऑफ'?)

उत्तरे : 1. बाय, 2. टिल, 3. फॉर, 4. क्वाइट अ फ्यू, 5. इन ल्यू ऑफ.

पाचही उत्तरे बरोबर आली असतील तर उत्तमच. एखादे चुकले असेल तर तेच वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. स्वतःच्या चुकीतून शिकलेला शब्द सहसा विसरत नाही. आणि टिपणीत तो अचूक पडला, तर कोणाचे तरी म्हणणे जसेच्या तसे योग्य ठिकाणी पोहोचते.