वार आणि गर्भ : आईबापांचे ठसे

कोलकात्यातील बागबाजारची दुर्गापूजा प्रसिद्ध आहे. तेथील पूजेसारख्या उत्सवांसाठी मूर्ती घडविताना प्रथम बांबूंचा व पेंढ्याचा सांगाडा बांधतात. बंगाली कारागीर त्यास ‘काठामो’ म्हणतात. माती त्यावर मागाहून चढते. सस्तन प्राण्यांच्या गर्भाचेही काहीसे असेच आहे. मानवी गर्भ पाचव्या दिवसाच्या सुमारास एक सूक्ष्म पोकळ गोळा असतो. त्याच्या बाहेरील पेशींपासून मुख्यतः वार बनते, तर आतील पेशींच्या पुंजक्यापासून बाळाचे शरीर घडते. अर्थात काठामो निर्जीव असतो. वार मात्र आईच्या रक्तातून अन्न व प्राणवायू मिळविते आणि संप्रेरकेही स्रवते.

या दोहोंच्या घडणीत आईबापांचा वाटा सारखाच असेल, असे कोणासही वाटेल. गुणसूत्रांचा एक संच आईकडून येतो, एक बापाकडून. मग दोन्ही संच आईचेच असले तर काय बिघडेल? केंब्रिज येथे सुरानी व त्यांचे सहकारी, तसेच अमेरिकेत मॅकग्रा व सॉल्टर यांनी १९८४ साली उंदरांच्या फलित बीजांडांतील केंद्रकांची अदलाबदल करून याचे उत्तर शोधले. केवळ मातृसंच असलेल्या गर्भांत शरीराची घडण बरीच पुढे जाई, पण वारेच्या ऊती खुरटत. केवळ पितृसंच असता उलट घडे : वारेच्या ऊती वाढत, गर्भ मात्र मागे राही. दोन्ही प्रकारचे गर्भ जन्मापूर्वीच मरत.

याचे कारण असे की, काही जनुकांवर ती आईकडून आली की बापाकडून याचा रासायनिक ठसा असतो. मिथाइल गट जोडले गेल्याने जनुक मुके होते. बीजांड व शुक्रपेशी तयार होताना जुने ठसे पुसून नवे उमटविले जातात. वाढीस चालना देणारे आयजीएफ-२ हे जनुक गर्भात बापाकडून आलेल्या प्रतीतूनच बोलते. उंदरांत त्यास आवर घालणारे ग्राहक-जनुक आईकडच्या प्रतीतून बोलते, हे मोठे मौजेचे!

मानवातही निसर्ग हाच प्रयोग करतो, आणि तो मौजेचा नसतो. बीजांडातील गुणसूत्रे नाहीशी होऊन बहुधा एकाच शुक्रपेशीचा संच दुप्पट झाला, तर गर्भाशयात द्राक्षांच्या घोसासारखी विकृत वार वाढते, बाळ नसते. १९७७ साली काजी व ओहामा यांनी या ‘द्राक्षगर्भा’चा पैतृक उगम दाखविला. तो काढून टाकल्यावरही स्त्रीने काही महिने रक्तातील संप्रेरकाची तपासणी चुकवू नये. शिल्लक पेशींतून कर्करोग उद्भवू शकतो व वेळीच कळल्यास तो बहुधा बरा होतो. याउलट, बीजांड फलनाविना वाढू लागले तर बीजकोशात केस व दात असलेली गाठ होते; वार नसते.

कोलकात्यातच डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी ‘दुर्गा’ हे शरीराबाहेर फलन झालेले बालक जन्मले. अशा बालकांत बेकविथ-वीडेमान हा ठशांशी निगडित विकार काही पटींनी अधिक आढळतो. तरीही तो अत्यंत विरळच आहे.