शाळेचा पैसा आणि मुलाचा हक्क

सार्वजनिक पैसा कोणत्या शाळेला किती मिळावा, हा वाद जुना आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची वाट घालून दिली. पुढे १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले की, महसूल येतो रयतेच्या श्रमातून, पण शिक्षणाचा लाभ मिळतो वरिष्ठ वर्गांना. सबब प्राथमिक शिक्षणावर अधिक खर्च व्हावा.

आज हा प्रश्न शिक्षणहक्क कायद्याच्या रूपाने आपल्यापुढे आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या या कायद्यान्वये, अल्पसंख्याकांच्या शाळा वगळता, विनाअनुदानित खाजगी शाळांनी पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यावयाच्या असतात. सरकारी शाळेतील दर मुलामागचा खर्च आणि खाजगी शाळेची फी, यांपैकी जी रक्कम कमी, तेवढी भरपाई सरकार देते. कायदा केंद्राचा असल्यामुळे आमच्या निंबोल्यात आणि सीमेपलीकडे रावेरात तो एकच आहे. सरकारी अथवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला या अटीतून सूट, असा नियम महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी जुलैत रद्द ठरविला.

‘दर मुलामागचा खर्च’ हे माप दिसावयास सरळ आहे, परंतु ते जपून वापरावे लागते. समजा, एका प्राथमिक शाळेत ६० मुले व दोन शिक्षक आहेत आणि वार्षिक खर्च १२ लाख रुपये आहे. दर मुलामागे २०,००० रुपये पडले. त्यांतील २० मुले अन्यत्र गेली. उरलेल्या ४० मुलांनाही कायद्याप्रमाणे दोन शिक्षक लागतातच, आणि इमारतही तीच राहते. खर्च तेवढाच राहून दर मुलामागचा आकडा ३०,००० वर जातो. येथे कोणीही उधळपट्टी केलेली नाही. तरीही ‘ही शाळा परवडत नाही’ असा ठपका मात्र त्या शाळेवर येतो. दुसऱ्या बाजूस, लहान खाजगी शाळेला भरपाई वेळेवर मिळाली नाही, तर तेथील गुरुजींचा पगार अडतो. दोन्हीकडे शेवटी झळ मुलालाच लागते.

अमेरिकेतही हाच पेच आहे. तेथे मिनेसोटा राज्याने १९९१ साली ‘चार्टर’ शाळांचा पहिला कायदा केला. सरकारी पैशावर, पण स्वतंत्र कारभाराने चालणाऱ्या या शाळा होत. मूल तिकडे गेले की पैसाही तिकडे जातो, आणि जुन्या शाळेचा ठरलेला खर्च मात्र तसाच राहतो.

म्हणून आमचे मत असे की, न्यायाचे माप शाळेच्या पाटीवरून न घेता मुलाच्या गरजेवरून घ्यावे. धर्मादाय संस्थेला या बाबतीत दोन कामे करता येतील. सरकारी शाळेला मदत द्यावयाची तर ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत द्यावी. या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि आलेल्या पैशाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे हे तिचे कामच आहे. दुसरे असे की, कायद्याचे छत्र आठवीपर्यंतच आहे. राखीव जागेवर शिकलेल्या मुलाची फी नववीत एकदम पालकाच्या डोक्यावर येते. त्या वळणावर शिष्यवृत्तीचा हात मिळाला तर शिक्षण अर्ध्यावर सुटणार नाही.

सभासद बंधुभगिनींनी देणगी देताना ‘शाळा कोणाची?’ यापेक्षा ‘मूल कोणते मागे राहिले?’ हा प्रश्न आधी विचारावा, एवढीच या महोत्सवाच्या निमित्ताने आमची विनंती आहे.